झाकणाआतले दोन आकडे

मित्रांनो, मान वर केल्याशिवाय मी कुणाला दिसत नाही. खालापूरच्या एका ओतकाम कारखान्यात, छपराखालच्या लोखंडी तुळईवर बसलेली साडेसात हॉर्सपॉवरची एक म्हातारी मोटर म्हणजे मी. अंगावरचा हिरवा रंग केव्हाच उडाला. नावाच्या पट्टीवरची अक्षरं वाळूने खाल्ली. मला कुणी खटारा म्हणा, भंगार म्हणा, माझी हरकत नाही. पण पोपटला कुणी वाईट बोललं की अजून माझं डोकं फिरतं. त्याच्यासाठीच आज तोंड उघडलं आहे, नाहीतर मी बोलणाऱ्यातली नव्हे.

माझ्या पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी आहेत आणि त्यांच्या मधोमध फिरणारा लोखंडी रूळ. तारांत वीज खेळली की रूळ तिच्या मागे धावतो. बस्स, एवढाच माझा जीव. पहिली काही वर्षं नेरळकडच्या एका भातगिरणीत गेली. तिथे काम सरळ होतं. बटन दाबलं की सुटायचं, बटन सोडलं की दमून थांबायचं. भाताचं तूस नाकातोंडात जात राहायचं, पण कुणी मला हळू चाल म्हणून सांगितलं नाही. हळू चालणं किती अवघड असतं, ते मला इथे आल्यावर कळलं.

इथे कामच वेगळं. वाळूचे साचे दोन लोखंडी पेट्यांत भरतात, एक खालची, एक वरची. वरची पेटी क्रेनच्या हुकाला लटकवायची आणि खालच्या पेटीवर अलगद बसवायची. मग मधल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात आणि पंपाचं लोखंडी कवच तयार होतं. वरची पेटी सहाशे किलोची. ती जरा जरी आपटली, तर आतली वाळू ढासळते आणि दिवसभराची मेहनत मातीत जाते. ती पेटी उचलणारी आणि उतरवणारी मी.

आणि मला चालवणारा पोपट. हा भिवपुरीच्या बाजूच्या गावचा, घरची थोडी भातशेती, सकाळी मोटरसायकल काढून खालापूरला यायचा. क्रेनवरून लोंबणारा बटनांचा ठोकळा हातात घ्यायचा, अंगठा सदऱ्याला पुसायचा आणि वर माझ्याकडे बघून रोज तेच म्हणायचा, "चल गं म्हातारे, हळू." बावीस वर्षांत त्याच्या हातून एक साचा ढासळला नाही. इतरांना मी नुसती क्रेन होते. पोपट मात्र माझा आवाज ऐकून सांगायचा, आज बेअरिंगला ग्रीस हवं म्हणून. असा माणूस मिळायला मोटरलाही नशीब लागतं.

खाली पेटीपाशी उभा राहायचा तो कमळ्या. पोपटच्याच गावचा, भिंतीला भिंत लागून घर. पोपटनेच त्याला इथे कामाला लावलं होतं. वरची पेटी दोन-तीन इंचांवर आली की पोपट बटन सोडायचा आणि म्हणायचा, "थांबली." मग कमळ्या त्या फटीत बोटं घालून खालच्या पेटीची कड झरकन पुसून घ्यायचा. कडेवर वाळूचा एक खडा जरी राहिला, तरी पेट्या नीट बसत नाहीत आणि तिथून तापलेलं लोखंड फुटून बाहेर येतं. हे काम ब्रशने होत नाही, बोटांनाच कळतं, असं इथल्या जुन्या लोकांचं म्हणणं. बोटं घालायची ती फक्त पोपट 'थांबली' म्हणाल्यावर. त्या एका शब्दावर कमळ्याचा देवाइतका विश्वास होता.

आधी माझा ब्रेक खाडकन लागायचा आणि त्या झटक्याने साचे हलायचे. म्हणून मालकाने, राजेशशेठने, एक ड्राइव्ह आणला. भिंतीवरचा राखाडी डबा, पडद्यावर हिरवे आकडे. हा डबा मला येणारी वीज हवी तशी कमी-जास्त करतो. वायरमधून येते ती वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. डबा ते हेलकावे दहावर आणतो, एकावर आणतो, अगदी शून्याच्या उंबरठ्यावर आणतो, आणि मी तितक्या संथ फिरते. थांबतानाही तो लगेच ब्रेक लावत नाही. आधी दोन-तीन सेकंद मला विजेच्याच जोरावर जागच्या जागी धरून ठेवतो, मग हळूच ब्रेक टेकवतो. झटका नाही, धक्का नाही. पोपट खूश झाला होता. मीही झाले होते.

तेव्हा माझ्या शेपटाला एक डोळा बसवला होता. मी खरोखर किती फिरले, ते बघून डब्याला सांगणारा. पण ओतशाळेतली वाळू कुणाला सोडते? पहिला डोळा सहा महिन्यांत आंधळा झाला, दुसरा चार. तिसरा काही बसवला नाही. राजेशशेठला कुणीतरी सांगितलं की आजकाल डोळ्याशिवायही ड्राइव्ह चालतात.

चालतात, हे खरं आहे. ते कसं, तेही सांगते. जुना वैद्य नाडीवर बोट ठेवून आतलं ओळखायचा ना, तसा हा डबा माझ्या तारांतली वीज चाचपतो आणि मी किती फिरत असेन याचा अंदाज बांधतो. मी जोरात असते तेव्हा नाडी ठणठणीत लागते आणि अंदाज बरोबर येतो. जितकी मी हळू, तितकी नाडी मंद. अगदी थांबायच्या बेतात आले की नाडी जवळजवळ लागतच नाही. मग डब्याच्या हाती उरतो तो फक्त माझ्या तारांचा विजेला होणारा अडसर. आता तांब्याचा स्वभाव असा, की ते तापलं की हा अडसर वाढतो. गार मोटरचा एक, तापलेल्या मोटरचा दुसरा. डब्याला जर गार अंगाचाच आकडा पढवला असेल, तर तो माझा ताप आणि माझी चाल यांत गल्लत करतो. त्याला वाटतं मी धरलेली आहे, आणि मी तर सुटलेली असते.

डब्याला आकडा पढवायला आली ती सुरभी. दहिवलीची पोरगी, ड्राइव्ह बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत इंजिनीअर. हुशार, कष्टाळू, बोलायला गोड. पण आली कधी? तर खंडेनवमीला. का, तर त्या दिवशी कारखाना बंद, कुणाचं काम अडत नाही. मित्रांनो, खंडेनवमीला आमची पूजा असते हे तुम्हाला ठाऊक असेल. सगळी यंत्रं धुऊन-पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूचे हार घालून बसवतात आणि त्या दिवशी एकही यंत्र चालवत नाहीत. आमच्याकडे तो नेम फार कडक. सुरभी म्हणाली, जरा उचल-उतार करून, तापवून बघायला हवी. राजेशशेठने दोन्ही हात जोडले. म्हणाला, आज फिरवायची नाही, बसल्या जागी काय मोजायचं ते मोज.

तिने बसल्या जागी मोजलं. आदल्या दिवसापासून विसावलेली, गळ्यात हार, अंग थंडगार, अशी मी. डब्याने माझ्या तारांचा अडसर मोजला आणि मनात लिहून ठेवला. सुरभीने दोन दिवसांनी परत येऊन तापलेली असताना तपासते म्हणून सांगितलं होतं. दोन दिवसांनी राजेशशेठचा तिला फोन गेला, मस्त चाललंय, कशाला हेलपाटा घालतेस. ती आली नाही. त्या दोघांपैकी कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

आठ दिवसांनी, ऑक्टोबरची दुपार. भट्टी पेटलेली, वर छपराचे पत्रे तापलेले. हळू फिरताना माझा पाठीमागचा पंखाही हळूच फिरतो, कारण तो माझ्याच रुळावर बसलेला. त्यामुळे कामाने तापायचं आणि वारा मात्र मिळायचा नाही, अशी माझी गत. सकाळपासूनचा अकरावा साचा होता. पेटी खाली आली. पोपटने बटन सोडलं. मी सांगते, सोडलं. त्याच्या अंगठ्याखालून बटन वर आलं ते मला माझ्या तारांत कळलं. तो म्हणाला, "थांबली." कमळ्याने बोटं घातली. आपण मला धरून आहोत, असं डब्याला वाटत होतं. पण माझ्या तापाने त्याचा हिशेब कोलमडला, त्याची पकड ढिली झाली आणि माझ्या रुळाला कुणी धरलेलंच नव्हतं. सहाशे किलो खाली ओढत होते. मी फिरले, मित्रांनो. मला फिरायचं नव्हतं.

पोपटने लगेच वरचं बटन दाबलं. राजेशशेठने स्वतःच्या गाडीत घालून कमळ्याला दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मग चौकशी झाली. ब्रेक तपासला, ठणठणीत निघाला. डब्याची नोंद वाचली. त्यात लिहिलं होतं, मोटर सांगितल्याबरहुकूम चालली, त्या क्षणी वेग शून्य. आता वेग शून्य होता, तर पेटी खाली आली कशी? आली, म्हणजे कुणीतरी नंतर आणली. म्हणजे पोपटचा अंगठा घसरला. यंत्र कशाला खोटं बोलेल, असं सगळे म्हणाले. ते शून्य कुणी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं, तो डब्याचा अंदाज होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. अंदाज हिरव्या आकड्यांत लिहिला की माणसं त्याला साक्ष मानतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

कमळ्याला विचारलं, तर तो खरं तेच बोलला. दादा थांबली म्हणाला, मग पेटी आली, मधलं मला ठाऊक नाय. त्याने पोपटवर आळ घेतला नाही आणि पोपटची बाजूही घेतली नाही. पोपटला ते फार लागलं.

राजेशशेठने त्याला कामावरून काढलं नाही, फाटकावर बसवलं. बावीस वर्षं माझी बटनं दाबणारा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या टेंपोंचे नंबर लिहायला लागला. गावात तर त्याहून वाईट. दोन घरांच्या मधल्या कुंपणात जायला-यायला एक वाट ठेवलेली होती. तिथून भाजी जायची, कालवण यायचं. कमळ्याची आई, आनंदीबाई, हिने त्या वाटेवर करवंदीची काटेरी फांदी ओढून टाकली. शिवी नाही, भांडण नाही, नुसती फांदी. जेवणाच्या सुट्टीत लोक हे सांगत आणि मी वरून ऐकत होते.

शेवटी राजेशशेठने मला खाली उतरवलं आणि कर्जतला झाकीर मिस्त्रीकडे पाठवलं. वाइंडिंग, म्हणजे माझ्या तारांची वेटोळी, एकदा बघून घ्या म्हणाला. झाकीर मिस्त्रीने सहा वर्षांपूर्वी मला नव्याने बांधलं होतं, तेव्हा दुकान माझ्या ओळखीचं. वार्निशचा वास, तांब्याची रिळं, कोपऱ्यात मोटरींची रांग. मिस्त्री कमी बोलणारा. मोटर आली की आधी तिच्या पाठीवर तळहात ठेवून उभा राहायचा, मग पाना हातात घ्यायचा.

सुट्टीच्या दिवशी पोपट तिथे आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मिस्त्रीने चहा सांगितला. पोपट माझ्याकडे बघत बसला. वाळला होता, दाढी वाढली होती. मग म्हणाला, "झाकीरभाई, बोट मी उचललेलं. माज्यावर इस्वास नसंल तर हिला इचारा."

मला विचारा म्हणाला, आणि मला वाचा नाही. माझ्या आयुष्यात इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. भातगिरणीत जळाले होते तेव्हाही नाही.

पोपट बसलेला असतानाच सुरभीची स्कूटर दारात थांबली. अपघाताचं कळल्यापासून तिला झोप नव्हती. तिने वाइंडिंगमध्ये काही दोष निघाला का, म्हणून विचारलं. दोष निघावा असंच तिला वाटत असणार, त्यात तिचं काय चुकलं? मिस्त्रीने सांगितलं, वाइंडिंग उत्तम आहे, मी बांधलेलं आहे. मग त्याने माझ्या पाठीवरच्या वायरींच्या डब्याचं झाकण काढलं आणि उलटं करून तिच्या हातात दिलं.

झाकणाच्या आत पांढऱ्या रंगाने दोन ओळी लिहिलेल्या होत्या. 'गार १.८. गरम २.३.' बांधलेल्या प्रत्येक मोटरच्या तारांचा अडसर मिस्त्री आधी गार असताना मोजायचा, मग तासभर ओझ्यावर चालवून परत मोजायचा आणि दोन्ही आकडे झाकणाआड लिहून ठेवायचा. त्याच्या उस्तादाने लावलेली सवय. ते आकडे कधी कुणी वाचले नव्हते.

"ताई, तुमच्या डब्यात यातला कंचा हाय?" मिस्त्रीने विचारलं.

सुरभीने झाकण हातात धरलं ते धरलंच. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पोपटला आकड्यांतलं काही कळत नव्हतं, पण तिचा चेहरा त्याला कळला. ती हळूच म्हणाली, "पहिला."

तिथे गप्प बसणं तिला सोपं होतं. नोंद तिच्या बाजूने होती, माणूस फाटकावर बसलेला होता, प्रकरण मिटलेलं होतं. तिने दुसऱ्याच दिवशी राजेशशेठला गाठलं.

मला परत तुळईवर चढवलं. पेटीच्या खाली माणूस नाही, वाळूचा ढीग ठेवला. दुपारपर्यंत मला मुद्दाम राबवलं, पाठीला हात लावला तर चटका बसेल इतकी तापवली. मग सुरभी म्हणाली, बटन पोपटकाकांनीच दाबायचं. पोपट फाटकावरून आला, पण ठोकळ्याला हात लावेना. म्हणाला, माजा हात आता चालत नाय. कुणी किती समजावलं तरी ऐकेना.

तेवढ्यात मागून कमळ्या पुढे आला. हाताला पट्टी होती, कामावर अजून रुजू झाला नव्हता. नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "दाब रं दादा. मला बघायचंय."

पोपटने अंगठा सदऱ्याला पुसला. पेटी खाली आली, वाळूपासून दोन-तीन इंचांवर. त्याने बटन सोडलं आणि दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे डोक्यावर धरले. पडद्यावर हिरवं शून्य आलं. एक क्षण काही झालं नाही. मग मी फिरले. शून्य तसंच राहिलं, आणि पेटी गपकन वाळूत रुतली.

पोपटचे हात तसेच वर होते, त्याला ते खाली घ्यायचं सुचेना. सुरभी सगळ्यांसमोर म्हणाली, "चूक पोपटकाकांची नाही. मी मोटर गार असताना मोजली, आणि तापलेली बघायला परत आले नाही." मग राजेशशेठ म्हणाला, येऊ नको असं मीच सांगितलं, डोळाही मीच परत बसवला नाही. मालक माणूस, पण उलट्या घातलेल्या पेटीवर मान खाली घालून बसला. कमळ्याने डाव्या हाताने पोपटचे हात खाली घेतले.

आता माझ्या शेपटाला नवा डोळा आहे, वाळू जाणार नाही अशा बंद टोपणात. पाठीमागे वेगळा पंखा आहे, मी हळू फिरले तरी तो आपला जोरात फिरतो. डब्याला आता माझा तापही कळतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फटीत कुणीही बोटं घालत नाही. खालच्या पेटीच्या चार कोपऱ्यांत आधी लोखंडी ठोकळे ठेवतात, वरची पेटी त्यांवर टेकवतात आणि लांब दांड्याच्या ब्रशने कड पुसतात. ब्रशने होत नाही म्हणणारे आता गप्प आहेत. आणि गावातली ती फांदी आनंदीबाईने स्वतःच्या हाताने ओढून काढली. त्या दिवशी ती पोपटच्या दारात आली, आणि कालवणाचं भांडं ठेवून गेली, असं ऐकलं.

कमळ्याची बोटं मात्र आली नाहीत. कुणी कितीही कबूल केलं, तरी ती यायची नव्हती.

यंदा खंडेनवमीला माझ्या गळ्यात हार बांधला तो कमळ्याने. तीन बोटांनी गाठ मारायला त्याला वेळ लागला, आणि मदतीला कुणी पुढे झालं नाही, कारण त्याला ते आवडत नाही. पोपट शिडी धरून खाली उभा होता. दसरा उलटून काम सुरू झालं, दुपार झाली, मी तापले. तेव्हा सुरभी आली. शिडीवरून वर चढली, माझ्या पाठीवर तळहात ठेवून उभी राहिली, आणि मग तिने आपलं मोजायचं यंत्र काढलं.

मित्रांनो, आमची पूजा करता, हार घालता, ते गोडच वाटतं. पण यंत्राला असो की माणसाला, ओळखायचं असेल तर हाराच्या दिवशी मोजू नका. राबून तापलेलं असेल तेव्हा या आणि पाठीवर हात ठेवा. आणि पडद्यावरचा आकडा एक सांगतो आणि बावीस वर्षं राबलेला माणूस दुसरं सांगतो, असं झालं तर निदान एकदा झाकण उघडून बघा.

जेवणाची सुट्टी संपली. खाली कमळ्या ठोकळे मांडून दोन पावलं मागे सरकला आहे. पोपटने अंगठा सदऱ्याला पुसला.

"येऊ दे, दादा," कमळ्या म्हणतो आहे.

"चल गं म्हातारे, हळू."